वडील मुलाच्या कानी आलेले संगीत

शास्त्रपाठ : लूक १५:२५-३२, मत्तय १८:१९, १ इतिहास २५:६-८



उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर आपण सर्वांनी अनेक प्रवचने ऐकली आहेत, आणि मी स्वतः कित्येक दिलीही आहेत. त्यांपैकी बहुतेक प्रवचने धाकट्या मुलाबरोबर दूर देशी जातात, डुकरांमध्ये बसतात आणि बापाच्या मिठीत येऊन विसावतात. वडील मुलाची पाळी शेवटच्या पाच मिनिटांत येते. तोवर उपासनेची वेळ संपत आलेली असते व संडे स्कूलची मुले चुळबुळ करू लागलेली असतात. आज मला त्या वडील मुलापासूनच आरंभ करावयाचा आहे. कारण दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या जागी उभा होतो. जागा म्हणजे बेंगळुरूच्या कॅन्टोन्मेंट भागातील एका जुन्या चर्चच्या सभागृहाचा व्हरांडा, वेळ रविवारी सायंकाळी पावणेपाचची, आणि आतून येणारा नाद गिटारचा होता.

थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. बेंगळुरूत मराठी ख्रिस्ती माणसे फार नाहीत. कोणी सैन्यातून निवृत्त होऊन येथेच राहिले, कोणी रेल्वेत होते, आणि अलीकडची तरुण कुटुंबे संगणकाच्या कंपन्यांमुळे आली. सकाळी आम्ही ज्याच्या त्याच्या इंग्रजी किंवा कन्नड मंडळीत उपासनेला जातो आणि संध्याकाळी तीस-पस्तीस जण मराठीत प्रार्थना करण्यासाठी ह्या सभागृहात जमतो. आमची मुले घरी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. तेव्हा मराठी उपासना त्यांच्यापर्यंत पोहोचते ती मुख्यतः गाण्यातून. गाणे थांबले की आमची मराठी मंडळी एका पिढीत संपली, असे समजण्यास हरकत नाही.

बरीच वर्षे आमच्या गाण्याचा भार एका बाईंनी वाहिला. त्या निवृत्त शिक्षिका, अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या. त्यांची पेटी त्यांच्याइतकीच जुनी दिसे. कोणते भजन कोणत्या पट्टीत मंडळीच्या गळ्याला झेपते हे त्यांना पाठ होते. "हे काळी दोनमध्ये घ्या, वर नेऊ नका, आजोबांचा आवाज पोहोचत नाही," असे त्या सांगत. तीन वर्षांपूर्वी यजमान वारल्यावर त्या मुलीकडे नगरला गेल्या व पेटीही त्यांच्याबरोबर गेली. त्यानंतर गीत सुरू करण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते इतके उंच सुरू करी की दुसऱ्या कडव्याला पुरुषांचे आवाज बंद पडत आणि तिसऱ्याला स्त्रियांचे.

अशा वेळी पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारा आमचा एक मुलगा आपली गिटार घेऊन आला. त्याने चार मुलांना एकत्र केले आणि उपासनेपूर्वी तो त्यांच्याकडून सराव करून घेऊ लागला. त्या रविवारी मी व्हरांड्यात पोहोचलो तेव्हा आत आमचेच एक जुने भजन चालले होते. पण ठेका निराळा होता, आणि खाली सी, एफ, जी ह्या कॉर्ड एकामागून एक पडत होत्या. मी आत गेलो नाही. बाहेर आलेल्या एका लहान मुलीला मी विचारले, "आत काय चाललंय गं?" ती म्हणाली, "दादा गाणं शिकवतोय." मी तेथेच उभा राहिलो.

आता लूककृत शुभवर्तमानातील ते वचन पाहू. वडील मुलगा शेतातून येतो, घराजवळ पोहोचतो आणि त्याला गाण्याबजावण्याचा व नाचण्याचा नाद ऐकू येतो. येथे मूळ ग्रीक शब्द आहे ‘सुम्फोनिया’. ‘सुम्’ म्हणजे सह, ‘फोने’ म्हणजे नाद किंवा वाणी. अनेक नाद एकत्र उमटणे, असा त्याचा अर्थ. संपूर्ण नव्या करारात हे नाम ह्या एकाच ठिकाणी आले आहे. ते एखाद्या वाद्याचे नाव आहे की वाद्यवृंदाचे की केवळ संगीताचे, हा वाद जुना आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने रोमचा बिशप दमासस ह्याला ह्या दाखल्याविषयी दीर्घ पत्र लिहिले. काही लोक ह्या शब्दाला वाद्य समजतात ते चुकतात, येथे देवाच्या स्तुतीत झालेला एकमेळ अभिप्रेत आहे, असा त्याचा अभिप्राय होता. भाषांतरकार म्हणून मला जेरोमचे मत सर्वस्वी मान्य नाही. बापाच्या घरी त्या दिवशी खरोखरीच काहीतरी वाजत होते असे मला वाटते. परंतु त्याने शब्दाच्या मुळाला हात घातला हे खरे.

ह्याच वाक्यातील दुसरा शब्द आपल्या अधिक जवळचा आहे. वडील मुलाला लूक ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणतो. मंडळीच्या वडिलांनाही नवा करार हाच शब्द लावतो. मराठीत तर बाप, थोरला भाऊ आणि मंडळीचा कारभारी ह्या तिघांनाही आपण ‘वडील’ म्हणतो, त्यामुळे ग्रीकमधील हा श्लेष भाषांतरात आपोआप उतरतो. असे भाग्य आम्हाला क्वचित लाभते. आणखी एक. वडील मुलगा ज्याला हाक मारून विचारतो, त्याच्यासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ चाकर असा होतो व मूल असाही होतो. भाषांतर करताना आपण चाकर हाच अर्थ घेतो आणि संदर्भाने तोच बरोबर आहे. पण मी मात्र खरोखरीच एका मुलीला विचारले होते. मी आमच्या मंडळीचा एक वडील आहे, हे सांगावयाचे राहिले.

त्या शनिवारी रात्री मी दुसऱ्या एका वडिलांना दूरध्वनी केला. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. जुन्या गीतांवर त्यांचे जिवापाड प्रेम. आमचे बोलणे अर्धा तास चालले. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडावा व मी अनुमोदन द्यावे असे ठरले. योग्य पेटीवादक मिळेपर्यंत उपासनेत वाद्याविना गायन व्हावे, असा तो ठराव. माझ्याजवळ युक्तिवाद भरपूर होते, शिवाय धर्मविज्ञानाची पदवीही होती. मी कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४-१९०८) ह्यांचे नाव घेतले. मराठी ख्रिस्ती मंडळीला देशी चालीवर गावयास शिकविणाऱ्यांत ते अग्रेसर. त्यांचे एक गीत इंग्रजीत भाषांतरित होऊन पाश्चात्य स्तोत्रसंग्रहांत गेले, आणि तेथेही त्याच्या चालीचे नाव ‘तन मन धन’ असेच राहिले. मी नारायण वामन टिळकांचे नाव घेतले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर १९१९ मध्ये प्रभूकडे जाईपर्यंत त्यांनी ख्रिस्ताला मराठी भक्तीच्या भाषेत आणि अभंगांच्या वळणावर गाइले. असा वारसा असताना आपण तीन कॉर्डची भीक का मागावी? ठराव संमत झाला. मुलाने गिटार पिशवीत घातली व चेन ओढली. त्या चेनचा आवाज मला आजही ऐकू येतो.

पुढचे सात रविवार तो आला नाही. त्याची आई एकटी येई व शेवटच्या रांगेत बसे. बाकीची चार मुलेही एकेक करून कमी झाली. आमचे गाणे शुद्ध राहिले. गाणारे मात्र उरले नाहीत.

वाचकहो, माझ्या त्या युक्तिवादात एक मोठे भोक होते आणि ते मला ठाऊक होते. जिच्यासाठी आम्ही थांबलो होतो ती पेटी तरी कोठची? पॅरिसच्या अलेक्झांड्र दबें ह्याने हार्मोनियमचे पेटंट घेतले ते १८४२ साली. म्हणजे आपल्या ‘ज्ञानोदय’चे जन्मवर्ष तेच. पायाने भाता मारावयाचे ते वाद्य मिशनरी मंडळी घेऊन आली, आणि मांडी घालून वाजविता येईल असे रूप त्याला कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी दिले. पुढे ते कीर्तनात गेले, नाटकात गेले, भजनी मंडळांत गेले. इतके आपलेसे झालेल्या ह्या वाद्यावर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत पुरती टिकली, कारण आपल्या संगीताच्या सूक्ष्म स्वरांना ते न्याय देत नाही असा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. पण आज नगर जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यातल्या मंडळीत जाऊन पेटी परकी आहे असे म्हणून पाहा! आपल्या आजोबांनी जे परके वाद्य आपले केले ते परंपरा होते, आणि आपल्या नातवाने जे आणले ते आक्रमण ठरते. वडीलपणाचा हा दोष आहे.

त्याच सुमारास मला ह्या दाखल्यावर मंडळीच्या सेवकांसाठी एक पाठ तयार करावयाचा होता. ‘सुम्फोनिया’शी संबंधित असलेले क्रियापद नव्या करारात कोठे कोठे येते ते मी काढून बसलो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू म्हणतो की दोघे जण पृथ्वीवर एकमत होऊन काही मागतील तर पिता ते देईल. तेथे हेच क्रियापद आहे. दोघांचे स्वर जुळले, असेच त्याचे अक्षरशः भाषांतर होईल. मी समाधानाने पुढची नोंद काढली. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पाच, वचन नऊ. हनन्या व सप्पीरा ह्या नवराबायकोने प्रभूच्या आत्म्याची परीक्षा पाहण्याचे संगनमत केले, तेथेही क्रियापद तेच. दोघांचे स्वर जुळणे प्रार्थनेत असू शकते आणि कारस्थानातही. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात नबुखद्नेस्सराच्या सुवर्णमूर्तीपुढे जी वाद्ये वाजतात त्यांतल्या एकाचे अरामी नाव ह्याच ग्रीक शब्दावरून आले आहे. तेथे सर्व वाद्ये एका सुरात, सर्व माणसे एका वेळी जमिनीवर. आणि ज्या तिघांनी तो सूर नाकारला त्यांना भट्टी.

मी वही मिटली. शनिवार रात्रीचा दूरध्वनी कोणत्या वचनाखाली येतो हे शोधण्यासाठी मला कोशाची गरज नव्हती.

सोमवारी मी लिंगराजपुरममधील त्यांच्या घरी गेलो. आईने दार उघडले, पाणी दिले आणि ती आत निघून गेली. मला चहा विचारला नाही. मराठी घरात ह्याचा अर्थ काय होतो हे आपणास ठाऊक आहे. मुलगा समोर येऊन बसला. मी म्हणालो, "बाळा, मी त्या दिवशी बाहेर उभं राहून ऐकत होतो. आत यायला हवं होतं." तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला व म्हणाला, "काका, मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं केलं." ह्यावर मला काही बोलता येईना. शेवटी मी विचारले, "मला शिकवशील का?" तो पहिल्यांदा वर पाहून म्हणाला, "शिकवीन. पण डाव्या हाताची नखं कापून या."

चौपन्नाव्या वर्षी मी कॉर्ड शिकू लागलो ते असा. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी उमटणारे तीन किंवा अधिक स्वर. सी ह्या स्वराला षड्ज धरले तर सी ही कॉर्ड सा, ग, प ह्या स्वरांची; एफ ही म, ध, सा ह्यांची; आणि जी ही प, नि, रे ह्यांची. हे तीन संच मी कागदावर मांडले आणि पाहतच राहिलो. तीन कॉर्डमध्ये सातही शुद्ध स्वर आले होते, एकही बाहेर राहिला नव्हता. ज्यांना मी ‘तीन कॉर्डची भीक’ म्हणालो होतो त्यांत अख्खे सप्तक बसले होते. म्हणूनच युरोपच्या साध्यासुध्या स्तोत्रांच्या कितीतरी चाली ह्या तिघींवर निभावून जातात. (तीन स्वर मिळून एक कॉर्ड, म्हणून हा त्रैक्याचा दृष्टान्त आहे, असे एका तरुण प्रवचनकाराने मला उत्साहाने सांगितले. मला असे दृष्टान्त रुचत नाहीत. गिटारची तार तुटली तर त्रैक्याचे काय करावयाचे?)

कागदावर सोपे असलेले हातात येईना. सीसाठी तीन बोटे तीन तारांवर तिरपी ठेवावयाची. ती बसली की उजव्या हाताचा ठेका सुटे. एफ तर केवळ अशक्य. पहिले बोट आडवे टाकून सहाही तारा दाबावयाच्या आणि उरलेल्या बोटांनी वर आणखी काम करावयाचे. बोटांची टोके सोलली, मग त्यांना घट्टे पडले. इब्री व ग्रीक ह्या दोन्ही भाषांची व्याकरणे ज्याला पाठ आहेत, त्याला एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्यास चार मात्रा लागत. आणि मंडळीचे गाणे चार मात्रा थांबत नाही. सतरा वर्षांचा गुरू म्हणे, "काका, बोटांकडे बघू नका. पुढच्या शब्दाकडे बघा. शब्द येण्याआधी बोटं निघाली पाहिजेत." प्रवचनाची तयारी कशी करावी हे मला कोणत्याही प्राध्यापकाने इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते.

पवित्र शास्त्रात ह्या शिकण्याला प्रतिष्ठा आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष फार कमी गेले आहे. तेहतिसाव्या स्तोत्राच्या तिसऱ्या वचनात परमेश्वराला नवे गीत गाण्याची आज्ञा आहे. त्याच वचनात चांगले वाजवा अशीही आज्ञा आहे. नवे गीत हवे म्हणणारे तरुण पहिला भाग धरतात, आणि आम्ही वडील दुसरा. वचन एकच आहे. १ इतिहासाच्या पंचविसाव्या अध्यायात दाविदाने नेमलेल्या गायकवादकांची संख्या दोनशे अठ्ठ्याऐंशी दिली आहे. हे सर्व परमेश्वराच्या गायनात शिकून तयार झालेले. आपल्या कामाच्या पाळ्या ठरविण्यासाठी त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. लहान असो की मोठा, गुरू असो की शिष्य, सर्वांना एकच नियम. आसाफाची मुले आपल्या बापाच्या हाताखाली वाजवीत होती हेही तेथेच सांगितले आहे. शिष्याच्या हाताखाली गुरू बसल्याचे तेथे स्पष्ट लिहिलेले नाही, पण चिठ्ठ्यांमुळे तसे घडले असणे अगदी शक्य आहे. माझ्या बाबतीत तर घडलेच.

ह्या निमित्ताने मला माझे विद्यार्थिदशेतील दिवस आठवले. १९९० च्या दशकात ह्याच शहरात, तेव्हाच्या बंगलोरात, मिलर्स रोडवरील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये मी पुढील अभ्यासासाठी आलो होतो. १९१० साली स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयाच्या चॅपेलमध्ये भारतातील कितीतरी भाषांतून स्तुती होई. तमिळ विद्यार्थी गात तेव्हा तंजावूरच्या वेदनायगम शास्त्रियार (१७७४-१८६४) ह्यांच्यापासून चालत आलेला कर्नाटक संगीताचा वारसा ऐकू येई. मिझो विद्यार्थी उभे राहिले की कोणी काही न सांगता चार आवाजांत विभागले जात. वेल्श मिशनऱ्यांनी त्यांच्याकडे सोल-फा लिपी नेली होती. तिच्यातही आपल्या सारेगमप्रमाणे स्वरांना अक्षरे असतात आणि आधारस्वर हवा तेथे धरता येतो. त्यांच्या शेजारी उभा राहून मी एकच सूर धरून गात असे आणि मनात म्हणे, हे त्यांचे, ते आमचे नव्हे. त्या भिंतीवरची माझी वीट तीस वर्षे जागची हलली नव्हती.

आता ज्या मुद्द्यावर माझा हट्ट पूर्णपणे चुकीचा नव्हता तो सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सरसकट शरण गेलो. व्हरांड्यात मला जे खटकले होते ते खरोखरीच खटकण्यासारखे होते. ते भजन भूप रागाच्या वळणाचे आहे. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. म आणि नि वर्ज्य. आणि एफ कॉर्डमध्ये म आहे, जी कॉर्डमध्ये नि आहे. गाणारा जे दोन स्वर कटाक्षाने टाळतो तेच गिटार मोठ्याने सांगत होती. लूकच्या पाचव्या अध्यायात नव्या वस्त्राचे ठिगळ जुन्याला जुळत नाही असे प्रभू म्हणतो, आणि ‘जुळत नाही’ ह्यासाठी तेथेही ‘सुम्फोनिया’चेच क्रियापद आहे! स्वर न जुळणारे ठिगळ, भूपावरची एफ.

मी हे मुलाला सांगितले तेव्हा तो रागावला नाही. "मग काय वाजवायचं?" एवढेच त्याने विचारले. हा प्रश्न मला त्या ठरावाआधी कोणी विचारला असता तर! आम्ही दोघे दोन संध्याकाळी बसलो. सा, ग, प ही सी कॉर्ड भूपाला चालते. ध, सा, ग ह्या स्वरांची ए मायनर चालते. तिच्यात एकही परका स्वर नाही. जेथे जी हवी तेथे त्याने नि सोडून नुसते प आणि रे वाजविले. एफची गरजच राहिली नाही, आणि माझ्या पहिल्या बोटाने परमेश्वराचे उपकार मानले. उरलेल्या जागी तो सा आणि प ह्या दोनच तारा छेडू लागला. त्या वेळी तो सहज म्हणाला, "काका, हे तानपुऱ्यासारखं वाटतं."

आणि त्याचे म्हणणे बरोबर होते. तानपुऱ्याच्या चार तारा पंचम, षड्ज, षड्ज व खर्ज अशा लावतात. गांधाराची तार त्यात नसते. तरीही तानपुरा नीट जुळला असेल, जवारी चांगली असेल आणि ऐकणारा शांत असेल, तर खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. कोणी न छेडलेला तो स्वर तारेच्या कंपनातच असतो. सा, ग, प! म्हणजे जी कॉर्ड आम्ही पाश्चात्यांची म्हणून अडविली ती आमच्याच तानपुऱ्यात परमेश्वराने घालून ठेवली होती. इतकेच नव्हे, तर तो गांधार पेटीच्या व गिटारच्या गांधारापेक्षा किंचित, अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या भागाने, उतरलेला असतो, आणि म्हणून अधिक गोड लागतो. पेटीवाले आणि गिटारवाले ह्या भांडणात दोघेही सारखेच थोडे बेसूर आहेत, हे आम्हा दोघांना त्या संध्याकाळी कळले. आम्ही खूप हसलो. आईने आतून चहा आणला.

येथे थांबलो असतो तर ही गोष्ट फार गोड झाली असती. पण पुढचे सांगणे मला भाग आहे.

पुढच्या बैठकीत मी उभा राहून ठराव मागे घेण्याची सूचना केली आणि आपला अपराध कबूल केला. शनिवारचा दूरध्वनी, आधी ठरवून दिलेले अनुमोदन, सर्व सांगितले. कित्येकांचे डोळे पाणावले. मुलाच्या आईने माझा हात धरला. दुसरे वडील मात्र काही न बोलता उठून गेले. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते म्हणाले, "गिटार वाजू दे, माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही माझं बोलणं मला न विचारता चव्हाट्यावर मांडलंत." त्यांचा राग रास्त होता. माझ्या पापाची कबुली देता देता मी त्यांच्या पापाचीही कबुली देऊन टाकली होती, आणि मंडळीने माझे अश्रू पाहून मला क्षमा केली, त्यांना ती संधीच मिळाली नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात दोघांच्या स्वरमेळाचे जे अभिवचन आहे, त्याच्या चारच वचने आधी प्रभू सांगतो की भावाचा अपराध त्याला एकांतात, दोघेच असताना दाखवावा. मी एकोणिसावे वचन अभ्यासिले आणि पंधरावे ओलांडून गेलो. मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी "बरं" म्हटले. ‘क्षमा केली’ असे म्हटले नाही, आणि ते त्यांच्याकडून वदवून घेण्याचा अधिकार मला नाही.

दाखल्यात बाप दोनदा घराबाहेर येतो. एकदा धाकट्यासाठी धावत, दुसऱ्यांदा वडील मुलासाठी, विनवण्या करीत. धाकटा आत गेला. वडील मुलगा आत गेला की नाही हे लूकने लिहिलेले नाही. माझ्या प्रवचनांत मी बहुधा असे म्हणत आलो की तो गेला नाही, आणि मग श्रोत्यांना इशारा देत आलो. आता मला तसे म्हणवत नाही. कदाचित बाप अजून त्याच्याजवळ उभा असेल. कदाचित त्या मुलाला कोणी दुखावले असेल, आणि बाप ते ऐकून घेत असेल.

आमचे दुसरे वडील महिनाभर आले नाहीत. नंतर येऊ लागले, पण सभागृहात येत नाहीत. व्हरांड्यात दाराशेजारी खुर्ची ओढून बसतात. दर रविवारी कोणीतरी एक जण बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसतो. हे आम्ही ठरवून केलेले नाही, पण घडते. बाईंना मुलाने आमच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण पाठविले. त्यांनी उलट कळविले, पट्टी अर्धा स्वर खाली घ्या, आजोबांचा आवाज पोहोचत नाही. ते आजोबा म्हणजे व्हरांड्यातलेच.

तेव्हा मुलाने गिटारच्या मानेवरचा कॅपो एक घर मागे सरकविला आणि गेल्या रविवारी आम्ही तेच भूपातले भजन खाली उतरवून घेतले. सी, ए मायनर, नुसते सा-प, पुन्हा सी. दुसऱ्या कडव्याला बाहेर काठी जमिनीवर ठेक्यात पडत होती, असे ती लहान मुलगी सांगते. मी पाहिले नाही. गुरूने बजावूनही माझी नजर अजून बोटांवरच असते.